गोष्ट इंग्रजीत सांगताना : 'हॅड', 'कमेन्स' आणि हरवलेला 'तू'

गेल्या अंकात इंग्रजीत कथा लिहिणाऱ्यांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. बहुतेक पत्रं दोनच गोष्टींभोवती फिरणारी आली : भूतकाळाचं कोणतं रूप कुठे घ्यायचं, आणि शब्द किती भारदस्त निवडायचा. इंग्रजी कथांचं संपादन हे माझं रोजचं काम, त्यामुळे नियमांच्या पुस्तकापेक्षा कथेच्या ओळीवर बोट ठेवून बोलणं मला जास्त जमतं. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देते आहे. ती मनातल्या मनात न वाचता मोठ्यानं वाचा, ही विनंती.

प्रश्न : ताई, माझी कथा वाचून एका मित्रानं सांगितलं की प्रत्येक ओळीत 'हॅड' आहे, वाचताना धाप लागते. मला मात्र प्रत्येक 'हॅड' बरोबर वाटतो, कारण सगळं घडून गेलेलं आहे. कथेची सुरुवात सोबत जोडली आहे. यातला कुठला ठेवू आणि कुठला काढू?

उत्तर : तुमची सुरुवात अशी आहे : 'ही हॅड कम होम ॲट टेन. हिज फादर हॅड बीन सिटिंग इन द डार्क. ही हॅड आस्क्ड, व्हेअर वेअर यू? द बॉय हॅड नॉट रिप्लाइड. ही हॅड गॉन टु हिज रूम.'

यातलं एकेक वाक्य सुटं काढून परीक्षेत लिहिलं तर कुणी गुण कापणार नाही. तरीही तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे. हे 'हॅड' आले कुठून ते आधी पाहू. ते मराठीतून आले आहेत. 'काल मी त्याच्याकडे गेलो होतो', 'सकाळी पाऊस आला होता' असं आपण दिवसभर बोलतो. आपल्या 'होता-होती-होतं'ला सोबतीला दुसरी घटना लागत नाही. एखादी गोष्ट होऊन गेली, तिच्यापासून आपण आता थोडे लांब आलो, एवढं कारण मराठीला पुरतं. इंग्रजीला ते पुरत नाही. इंग्रजी 'हॅड'ला भूतकाळातलाच आणखी एक क्षण लागतो, आणि आपण सांगतोय ते त्या क्षणाच्याही आधी झालं, एवढंच तो सांगतो. नुसतं घडून गेलेलं सांगायला 'केम', 'सॅट', 'वेंट' ही साधी रूपं आहेत, आणि कथेचा सगळा भार तीच वाहतात.

म्हणून तुमचं पहिलं वाक्य वाचल्यावर इंग्रजी वाचक थांबून राहतो. 'ही हॅड कम होम', बरं, मग? हे कशाच्या आधी? तो पुढच्या वाक्यात तो नंतरचा क्षण शोधतो. तिथेही 'हॅड'. तिसऱ्यातही 'हॅड'. पाचव्या वाक्यापर्यंत त्याला पाय टेकवायला जागा मिळत नाही. मित्राला धाप लागते ती इथे.

आता हेच असं वाचा : 'ही केम होम ॲट टेन. हिज फादर वॉज सिटिंग इन द डार्क. व्हेअर वेअर यू? द ओल्ड मॅन आस्क्ड. द बॉय डिडन्ट आन्सर. ही वेंट टु हिज रूम.' चार ठिकाणी साधा भूतकाळ आणि एका ठिकाणी 'वॉज सिटिंग'. वडील बसलेलेच होते, मुलगा आला तेव्हा ते बसणं चालू होतं, म्हणून तिथे '-इंग'. बाकीच्या गोष्टी एकामागून एक घडल्या आणि ज्या क्रमानं घडल्या त्याच क्रमानं तुम्ही सांगता आहात. क्रम सरळ असला की इंग्रजीला 'हॅड' लागतच नाही.

मग तो लागतो कुठे? तुमच्या दुसऱ्या पानावर. मुलगा खोलीत गेल्यावर तुम्ही दुपारची हकिगत सांगता. तिथे क्रम मोडला, आपण मागे गेलो. तिथे तो हवा, पण किती वेळा? 'दॅट आफ्टरनून ही हॅड फेल्ड हिज ड्रायव्हिंग टेस्ट. ही हॅड वॉक्ड अराउंड द लेक. देन ही सॅट ऑन अ बेंच, वॉच्ड द बोट्स अँड डिडन्ट कॉल एनीवन.' पहिल्या दोन क्रियापदांना 'हॅड' दिला आणि वाचकाला दुपारी नेऊन सोडलं. तिसऱ्यापासून साधा भूतकाळ. आपण दुपारीच आहोत हे वाचकाला ठाऊक आहे, दर ओळीला आठवण करून द्यायची गरज नाही. परत येताना मात्र खूण ठेवा : 'नाउ हिज फादर वॉज नॉकिंग ऑन द डोअर.' त्या 'नाउ'नं आपण रात्रीत परत आलो. ही परतीची खूण नवे लेखक हमखास विसरतात आणि मग वडील तळ्याकाठी येऊन दार ठोठावतात की काय, असा घोटाळा होतो.

'आफ्टर' आणि 'बिफोर' हे शब्द वाक्यात असले की क्रम त्यांनीच सांगितलेला असतो. 'आफ्टर शी लेफ्ट, ही लॉक्ड द डोअर' हे पूर्ण वाक्य आहे, 'हॅड' घातला तर चूक नाही, न घातला तर काही बिघडत नाही. 'व्हेन'च्या बाबतीत मात्र सावध राहा. 'व्हेन शी केम, ही लेफ्ट' म्हणजे ती आली आणि तो उठून गेला. 'व्हेन शी केम, ही हॅड लेफ्ट' म्हणजे ती आली तेव्हा तो निघून गेलेला होता, दोघांची गाठच पडली नाही. पहिल्यात अपमान आहे, दुसऱ्यात चुकामूक. एका 'हॅड'नं दोन निराळ्या कथा होतात, म्हणून तो जिथे काम करतो तिथे त्याच्यावाचून चालत नाही आणि जिथे करत नाही तिथे तो काढून टाकावा.

जाता जाता दोन गोष्टी, कारण तुमच्या कथेत त्याही आहेत. 'ही वॉज नोइंग द ट्रुथ' असं लिहू नका. ठाऊक असणं, आवडणं, मालकीचं असणं, नातं असणं या अवस्था आहेत, त्यांना '-इंग' सहसा लागत नाही : 'ही न्यू द ट्रुथ', 'शी हॅड टू ब्रदर्स'. आणि 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' यात 'यस्टरडे' आला की 'हॅव' गेला. काल संपला आहे. 'आय सॉ हिम यस्टरडे.'

प्रश्न : मी शिक्षिका आहे. माझी इंग्रजी कथा एका संपादकांनी 'भाषा फार औपचारिक' असं लिहून परत केली. मी एकेक शब्द शब्दकोशात बघून, चांगला शब्द निवडून लिहिते. चांगली इंग्रजी म्हणजे औपचारिक इंग्रजी नव्हे का?

उत्तर : तुमच्या कथेतली आजी नातवाला म्हणते : 'प्लीज इन्फॉर्म युअर ब्रदर दॅट आय डिझायर टु मीट हिम.' या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण कथेतली आजी फार जिवंत आहे. ती पायरीवर बसते, पावसाकडे बघते, नातवाला हाक मारते, आणि बोलायला तोंड उघडलं की कार्यालयातून पत्र आल्यासारखं बोलते. तिला 'टेल युअर ब्रदर आय वॉन्ट टु सी हिम' म्हणू द्या. 'इन्फॉर्म'च्या जागी 'टेल', 'डिझायर'च्या जागी 'वॉन्ट', 'दॅट' गळला, 'प्लीज'ही गेलं, कारण आजी घरातल्या पोराला एवढ्याशा कामासाठी 'प्लीज' म्हणत बसत नाही. 'मीट'च्या जागी 'सी' का? रोजच्या ओळखीच्या माणसाला भेटायचं असलं की इंग्रजीत बहुधा 'सी' येतो. 'मीट' पहिल्या भेटीला किंवा ठरवून, वेळ-जागा सांगून केलेल्या भेटीला. घरातल्याच नातवाबद्दल 'मीट' म्हटलं की आजी आणि नातू परके वाटायला लागतात.

शब्द असे दोन-दोन, तीन-तीन थरांत का आहेत याला इतिहास आहे आणि तो माहीत असला तर निवड सोपी होते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर कितीतरी पिढ्या दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये चाललं, चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये, आणि शेतात, चुलीपाशी, भांडणात, अंगाईत इंग्रजी राहिली. न्यायालयात इंग्रजीत बाजू मांडावी असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. तोवर फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले होते, आणि पुढे विद्वानांनी लॅटिनमधून आणखी आणले. म्हणून एकाच कामाला 'आस्क' हा घरचा, 'क्वेश्चन' हा फ्रेंचमधून आलेला आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिनमधून आलेला. आई विचारते तेव्हा 'आस्क', वकील विचारतो तेव्हा 'क्वेश्चन', पोलीस कोठडीत विचारतात तेव्हा 'इंटरॉगेट'. अर्थ जवळपास तोच, खोली बदलली. 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'बाय' आणि 'परचेस', 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'स्वेट' आणि 'पर्स्पायर' या जोड्या तशाच.

मराठी माणसाला हे समजायला एक क्षणही लागू नये. पाणी आणि जल, सुरुवात आणि प्रारंभ, घर आणि निवास यांतला फरक आपल्या कानात बसलेला आहे. 'मी तुझ्या निवासस्थानी येऊन जलप्राशन करीन' असं मैत्रीण मैत्रिणीला म्हणत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत तो कान तयार नसतो, कारण आपली इंग्रजी आली पाठ्यपुस्तकातून, अर्जातून, वर्तमानपत्रातून. तिथे 'परचेस', 'रिसाइड', 'इंटिमेट' हे शब्द रोज भेटले. अंगणातली, स्वयंपाकघरातली इंग्रजी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलीच नाही. त्यामुळे मोठा शब्द ओळखीचा आणि लहान शब्द परका, अशी उलटी गत झाली. तुम्ही शब्दकोशात बघून जो 'चांगला' शब्द निवडता तो बहुतेक वेळा वरच्या थरातला असतो, आणि कथेला तो क्वचितच हवा असतो.

मात्र यावरून 'फ्रेंच-लॅटिन शब्द वाईट' असा नियम करू नका. 'फेस', 'चेअर', 'वेट', 'क्राय' हे सगळे फ्रेंचमधूनच आले आणि आज त्यांच्यापेक्षा घरगुती शब्द सापडणार नाहीत. उलट 'बिहोल्ड' आणि 'स्ले' हे अस्सल जुने इंग्रजी शब्द, पण आज ते साध्या बोलण्यात आले तर नाटकी वाटतात. शब्दाचं मूळ बघून निवड करता येत नाही. हा शब्द हे पात्र, या वेळी, या माणसाशी बोलताना वापरील का, एवढंच विचारायचं.

आणि काही पात्रं वापरतील. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण संपादकांचं एक पत्र आलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. तुमच्याच कथेत निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते 'आय शॅल कमेन्स विथ द अटेंडन्स' म्हणतात. ते वाक्य ठेवा. त्या माणसाची चाळीस वर्षांची नोकरी त्या 'शॅल कमेन्स'मध्ये आहे. आजी 'टेल' म्हणेल आणि ते 'इन्फॉर्म' म्हणतील, तेव्हाच वाचकाला डोळे मिटूनही दोघे ओळखू येतील. आज तुमच्या कथेत सगळेच 'इन्फॉर्म' म्हणतात, म्हणून मुख्याध्यापकांचा 'इन्फॉर्म' वाया जातो.

निवेदनात 'गॉना', 'किड्स', 'स्टफ' भरून कथा सैल करण्याचा मोहही टाळा. एका वाक्यात दोन थर एकमेकांना भिडले की सगळ्यात वाईट दिसतं : 'द कॉप्स अप्रिहेन्डेड द गाय'. 'कॉप्स' आणि 'गाय' रस्त्यावरचे, 'अप्रिहेन्डेड' पंचनाम्यातला. एक तर 'द कॉप्स पिक्ड द गाय अप', नाही तर 'द पोलीस अप्रिहेन्डेड द सस्पेक्ट'. निवेदक कोण आहे ते ठरलं की यातलं एक आपोआप गळून पडतं.

'पिक अप'वरून आठवलं. 'गिव्ह अप', 'टर्न डाउन', 'पुट ऑफ', 'शो अप' अशी जोडक्रियापदं आपण लिहिताना फार टाळतो, कारण ती पाठ करणं कठीण आणि एकाला चार अर्थ. पण इंग्रजी बोलणं त्यांच्यावरच चालतं. 'ही डिक्लाइन्ड हर प्रपोजल' आणि 'ही टर्न्ड हर डाउन' यांतलं दुसरं वाक्य मैत्रीण रडत रडत सांगेल. पहिलं ती सांगणार नाही.

प्रश्न : माझ्या कथेत दोन सहकारी आधी एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात आणि शेवटी 'तू' म्हणू लागतात. मराठीत तोच कथेचा कळस आहे. इंग्रजीत सगळेच 'यू'. 'तू'साठी जुना 'दाउ' वापरला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. एकेकाळी इंग्रजीत 'दाउ' खरोखरच आपल्या 'तू'सारखा होता : जवळच्या माणसाला, लहानाला, हाताखालच्याला. 'यू' आदराचा. हळूहळू सगळेच एकमेकांना आदरानं बोलू लागले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या प्रमाण बोलण्यातून 'दाउ' बहुतेक उठून गेला. तो उरला प्रार्थनेत, जुन्या बायबलमध्ये, कवितेत आणि काही बोलींत. त्यामुळे आजच्या वाचकाला 'दाउ' ऐकून जवळीक वाटत नाही, देवळात आल्यासारखं वाटतं. तुम्ही पात्रांना जवळ आणायला जाल आणि ती लांब जातील.

तरी तुमचा कळस इंग्रजीत मरत नाही, तो दुसरीकडे हलवावा लागतो. जे काम मराठीत एक सर्वनाम करतं ते इंग्रजीत नाव, विनंतीची लांबी आणि शब्दांची आखूड रूपं मिळून करतात. सुरुवातीला तो तिला आडनावानं हाक मारतो आणि म्हणतो : 'वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?' शेवटी, तीच खोली, तीच खिडकी, तो मान वर न करता म्हणतो : 'शट दॅट विंडो, विल यू?' आणि ती उठते. परक्या माणसाशी कुणी असं बोलत नाही, हे इंग्रजी वाचकाला लगेच कळतं. इंग्रजीत विनंती जितकी लांब तितकं अंतर जास्त. 'शट', 'कुड यू शट', 'वुड यू माइंड शटिंग', 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड'. शेवटच्या दोघांत तर भूतकाळाची रूपंच आदरासाठी वापरली आहेत. 'आय वॉज वंडरिंग' म्हणणारा आत्ताच विचारतोय, काल नाही. मागणी एक पाऊल मागे नेऊन ठेवली की ती सौम्य होते. मराठीत आपणही 'जरा काम होतं' म्हणतोच की.

एक सूचना : हे अंतर एका ओळीत पार करू नका. मधल्या दोन-तीन प्रसंगांत एकेक पायरी कमी करत या. 'डू नॉट'चं 'डोन्ट' होऊ द्या, मग आडनाव गळू द्या, मग 'प्लीज'. मराठीत 'तू' एका क्षणात तोंडातून निसटतो, ते सुख इंग्रजीत मिळत नाही.

प्रश्न : 'ती म्हणाली की मी उद्या येते' याचं मी 'शी सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं केलं. शिक्षकांनी काट मारली. पण तिच्या तोंडचे शब्द तेच होते ना?

उत्तर : मराठीत 'की' आल्यावरही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, 'मी'सुद्धा 'मी'च राहतो. इंग्रजीत अवतरणचिन्ह काढलं की शब्द सांगणाऱ्याचे होतात. 'आय' म्हणजे मग ती नव्हे, तुम्ही, कथा सांगणारे. म्हणून 'शी सेड शी वुड कम द नेक्स्ट डे.' 'विल'चं 'वुड', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'दॅट' बोलीभाषेत गळलं तरी चालतं.

इथवर शाळेतलं. कथा लिहिणाऱ्याला यापुढचं जास्त उपयोगाचं आहे. पात्राच्या मनातलं सांगताना इंग्रजीत एक मधली वाट आहे : काळ आणि सर्वनाम निवेदकाचं ठेवायचं, पण 'नाउ', 'टुमॉरो', 'हिअर' हे शब्द पात्राचे राहू द्यायचे. 'शी पुट द लेटर डाउन. व्हॉट वॉज शी टु डू नाउ? टुमॉरो वॉज संडे, अँड द बँक वुड बी क्लोज्ड.' 'टुमॉरो वॉज' हे व्याकरणाच्या वर्गात विचित्र वाटेल, कथेत ते अगदी बरोबर आहे. 'शी थॉट दॅट' हे दर ओळीला लिहावं लागत नाही आणि आपण तिच्या डोक्यात असतो. मराठीत हेच आपण 'आता काय करायचं? उद्या तर रविवार' असं काळच काढून टाकून करतो. इंग्रजीत क्रियापदाशिवाय फार वेळ चालवता येत नाही, म्हणून ही सोय. मला ही इंग्रजी कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तुम्ही ती एका परिच्छेदात करून बघा.

प्रश्न : 'आजोबा रोज फिरायला जायचे' यासाठी 'यूज्ड टु' की 'वुड'?

उत्तर : दोन्ही. 'यूज्ड टु'नं दार उघडा, 'वुड'नं आत फिरा. 'माय ग्रँडफादर यूज्ड टु वॉक टु द रिव्हर एव्हरी मॉर्निंग. ही वुड स्टॉप ॲट द ब्रिज, लीन ओव्हर अँड काउंट द डक्स.' 'यूज्ड टु' सांगतो की पूर्वी असं होतं, आता नाही. तो प्रत्येक वाक्यात आला की ठोकल्यासारखा वाजतो. 'वुड' मऊ आहे, पण त्याला आधी चौकट लागते, नाही तर तो 'केलं असतं' असा ऐकू येतो. अवस्थेसाठी 'वुड' घेऊ नका : आजोबांचं मोठं घर होतं हे 'ही यूज्ड टु हॅव अ बिग हाउस', 'ही वुड हॅव' नाही. आणि सवय सांगून झाली, आता एका विशिष्ट सकाळची गोष्ट सुरू होते, की लगेच साधा भूतकाळ : 'वन मॉर्निंग ही डिडन्ट कम बॅक.'

प्रश्न : आजकालच्या पुष्कळ इंग्रजी कादंबऱ्या वर्तमानकाळात असतात. मीही तसं लिहू का? मधेच भूतकाळात गेलं तर चालतं का?

उत्तर : गंमतीचा किस्सा सांगताना इंग्रजी माणूस तोंडी वर्तमानकाळच वापरतो, 'सो आय गो अप टु हिम अँड ही सेज...', जसं आपण 'मी जातो, बघतो तर काय' म्हणतो. लिखित कथेतही चालतं. पण वर्तमानकाळात निवेदकाला पुढचं काही ठाऊक नसतं, त्यामुळे 'तेव्हा मला कल्पना नव्हती की' असं म्हणण्याची सोय जाते. तुमची कथा मागे वळून बघणारी आहे, तिला भूतकाळच शोभेल.

दोन काळ मिसळायचे तर कारण ठरवून मिसळा. चार्ल्स डिकन्सनं 'ब्लीक हाउस'मध्ये (१८५२-५३) हे केलं आहे. त्यात दोन निवेदक आहेत. एक अनामिक, तो सगळं वर्तमानकाळात सांगतो. दुसरी एस्थर, ती स्वतःची हकिगत भूतकाळात सांगते. प्रकरणं आलटून पालटून येतात आणि प्रकरण उघडताच क्रियापदावरून कळतं की कोण बोलतंय. तुमच्या कथेत काळ परिच्छेदाच्या मधोमध बदलतो, 'ही ओपन्ड द डोअर अँड सीज हर', आणि बदलामागे कुणीच नाही. तिथे 'सॉ' करा.

प्रश्न : संगणक 'हॅड हॅड'खाली लाल रेघ मारतो. ते चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. 'ही हॅड हॅड अ फीवर फॉर थ्री डेज बिफोर दे कॉल्ड अ डॉक्टर' हे शुद्ध वाक्य आहे : पहिला 'हॅड' आधीचा काळ दाखवणारा, दुसरा ताप 'असण्या'चा. यंत्राला शब्द दोनदा छापला गेला असं वाटतं. बोलताना पहिला 'हॅड' आखडतो आणि 'हीड हॅड' होतो, तुमच्या कथेतला निवेदक बोलका आहे म्हणून तेच लिहा. फक्त हे '-ड' 'वुड'चंही असू शकतं, तेव्हा पुढचं क्रियापद बघा. 'हीड गॉन' म्हणजे 'हॅड', 'हीड गो' म्हणजे 'वुड'. 'पुट', 'कट', 'हिट' यांची रूपं बदलत नाहीत, त्यामुळे 'हीड पुट द की अंडर द मॅट' याचे दोन अर्थ निघतात : किल्ली त्यानं आधीच ठेवली होती, किंवा तो ती नेहमी तिथे ठेवायचा. अशा ठिकाणी पूर्ण शब्द लिहा.